मुक्काम साताऱ्यात, सकाळ कासच्या पठारावर

सप्टेंबर लागला की पुण्या-मुंबईच्या घराघरांत एक बेत हमखास शिजतो. रविवारी पहाटे निघायचं, कासची फुलं बघायची आणि रात्री जेवायला घरी. पुण्याहून सातारा ११० किलोमीटर, तिथून कास आणखी पंचवीस. कागदावर हिशेब चोख बसतो. पण रविवारी खंबाटकीच्या घाटात गाड्या तुंबतात, पुढे टोलनाका, यवतेश्वरच्या वळणांवर पुन्हा रांग, वर पोचल्यावर गाडी लावायला जागा शोधा, मग प्रवेशाची रांग धरा. हे सगळं उरकून पठारावर पाय ठेवावा तर हाताशी जेमतेम तासभर, आणि अर्धं लक्ष परतीच्या रस्त्यात. भराभर फोटो निघतात आणि फुलं बघायची राहून जातात.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की बेत कासचा आखू नका, साताऱ्याचा आखा. दोन रात्री शहरात मुक्काम, मधली एक अख्खी सकाळ पठारासाठी, उरलेला सगळा वेळ सातारा आणि आसपास. छत्रपती शाहू महाराजांनी १७०८ मध्ये इथे गादी स्थापन केली आणि पुढे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी हे शहर वसवलं. किल्ला, राजवाडा, पेठा, तळी, नदीकाठची देवळं हे सगळं एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. धुक्याने एखादी सकाळ खाल्ली तरी सहल वाया जात नाही, हा मुक्कामाचा सगळ्यात मोठा फायदा.

आधी तारखांचं बघू, कारण सगळं तिथेच ठरतं. कासचा बहर म्हणजे साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. पण पठारावर एकाच वेळी सगळं फुलत नाही. जून-जुलैच्या पावसात जमिनीवरच्या आमरी आणि चवर दिसतात, तेव्हा गर्दी नसते आणि पाऊस मात्र सोसाट्याचा असतो. ऑगस्टमध्ये गेंदाची पांढरी बोंडं पठारभर पसरतात. सप्टेंबरमध्ये तेरड्याचा गुलाबी, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा आणि कवल्याचा पिवळा हे तिन्ही रंग एकत्र मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त. अखेरीस सोनकी येते आणि पठार पिवळं करून टाकते. पाऊस पुढेमागे झाला की हे वेळापत्रकही पुढेमागे होतं. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण घरात कितीदा तरी ऐकलेली असते, कासला ती शब्दशः घ्यावी. गेल्या वर्षी अमुक तारखेला गालिचा होता म्हणून यंदाही असेल असं धरून महिनाभर आधी पैसे भरणं धोक्याचं. मुक्कामाचं आरक्षण आधी करा, पण तारीख बदलता येईल असं.

वार निवडताना शनिवार-रविवार टाळता आला तर सरळ टाळा. मंगळवार ते गुरुवार हे दिवस उत्तम. आणखी एक गोष्ट अनुभवाने सांगते. गणपतीच्या दिवसांत महामार्गावर गावी जाणाऱ्यांची गर्दी असते, पण अनंत चतुर्दशी उलटून पितृपंधरवडा लागला की रस्ते आणि लॉज दोन्ही मोकळे होतात. बहुतेक वर्षी हा पंधरवडा नेमका बहराच्या काळात पडतो. सणाच्या तारखा दरवर्षी हलतात, तेव्हा कॅलेंडर समोर घेऊनच रजा टाका.

पठारावर दिवसाला किती लोक सोडायचे याला मर्यादा आहे आणि हंगामात प्रवेशासाठी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. स्थानिक गावांची कास पठार कार्यकारी समिती आणि वनखातं मिळून ही व्यवस्था बघतात. शुल्क, वेळेचे टप्पे, गाड्या कुठे लावायच्या आणि तिथून बसने कसं जायचं, हे दर हंगामात नव्याने ठरतं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी कुणी पाठवलेला व्हॉट्सअ‍ॅप संदेश धरून निघू नका, त्या आठवड्यातली माहिती समितीच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा. सकाळचा पहिला टप्पा मिळाला तर तोच घ्या. नोंदणीची पावती मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, कारण वर नेटवर्क मिळेलच असं नाही.

मुक्काम शहरात करा, असं मी आग्रहाने म्हणते. कासच्या रस्त्याला गेल्या काही वर्षांत हॉटेलं आणि रिसॉर्टं दाटीने उभी राहिली आहेत. तिथून पठार जवळ पडतं हे खरं, पण संध्याकाळी करायला काही उरत नाही आणि त्या डोंगरउतारावर बांधकामाचा ताण आधीच खूप झालेला आहे. एसटी स्टँड आणि पोवई नाक्याच्या भागात सगळ्या खिशांना परवडतील अशा खोल्या मिळतात. राजवाडा किंवा समर्थ मंदिराच्या बाजूला खोली मिळाली तर आणखी बरं, कासचा रस्ता तिथूनच चढतो.

गाडी नसेल तर अडत नाही. पुण्याच्या स्वारगेटवरून साताऱ्याला दिवसभर एसटी आहेत. रेल्वेने यायचं तर कोयना आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस साताऱ्याला थांबतात, फक्त स्टेशन शहराबाहेर माहुलीच्या बाजूला आहे, तिथून रिक्षा धरावी लागते. साताऱ्याहून कास-बामणोलीकडे एसटीही जाते. पण फेऱ्या मोजक्या, त्यामुळे परतीची वेळ आदल्या दिवशी स्टँडवर विचारून ठेवा. चार-पाच जण असाल तर अर्ध्या दिवसाची जीप किंवा टॅक्सी ठरवणं सोयीचं. घाटात धुकं असताना रोजचा चालक असलेला केव्हाही चांगला.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा आणि जेवून शहर बघायला निघा. स्टँडजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयापासून सुरुवात करावी. २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून आणलेली वाघनखं सर्वप्रथम इथेच ठेवली होती आणि तेव्हापासून या संग्रहालयाचं नाव सगळीकडे झालं. पण मराठेशाहीतली शस्त्रं, वस्त्रं, कागदपत्रं यांच्यासाठीही तास-दीड तास सहज जातो. सोमवारी येणार असाल तर संग्रहालय उघडं आहे का ते आधी विचारा.

तिथून रिक्षाने राजवाडा. जुना आणि नवा असे दोन वाडे शेजारी आहेत. सगळीकडे आत जाता येत नाही, पण परिसर पायी फिरण्यासारखा आहे. जवळच प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव या शाळेच्या पटावर आलं आणि त्यांच्या इंग्रजी शिक्षणाची सुरुवात झाली. तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. मुलं बरोबर असतील तर या शाळेसमोर थांबून त्यांना हे सांगावं. शिक्षणाचा विषय निघालाच तर कर्मवीर भाऊराव पाटलांचं सातारा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेचं मुख्यालय आणि कर्मवीरांची समाधी याच गावात आहे.

संध्याकाळ अजिंक्यताऱ्यासाठी राखून ठेवा. किल्ल्यावर गाडीरस्ता आहे, चालत चढलं तरी फार दमणूक होत नाही. डिसेंबर १६९९ मध्ये खुद्द औरंगजेबाने या किल्ल्याला वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी एप्रिल १७०० पर्यंत तो लढवला. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले, त्यातल्या एका स्फोटात तट बाहेरच्या अंगाला कोसळून त्यांचेच सैनिक मोठ्या संख्येने गाडले गेले. वर मंगळाई देवीचं देऊळ आहे. तटावरून पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर, नैऋत्येला सज्जनगड आणि पूर्वेला जरंडेश्वर दिसतो, म्हणजे पुढच्या दोन दिवसांचा नकाशाच समोर उभा राहतो. पावसाळ्यात किल्ल्याच्या उतारांवरही सोनकी आणि तेरडा असतो. उद्याची तयारी म्हणून तो वाकून बघून घ्या. वेळ उरला तर त्याच डोंगराच्या अंगाला चार भिंती हे १८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे, तिथून दिवेलागणीचं गाव छान दिसतं. रात्री राजवाड्याजवळच्या चौपाटीवर खाऊन लवकर झोपा.

आता कासची सकाळ. साडेसहाला शहर सोडलं तर घाट मोकळा मिळतो. निघण्याआधी पोटात काही तरी जाऊ द्या, वर झुणका-भाकरी आणि भाजलेलं कणीस मिळतं, पण इतक्या सकाळी नाही. वाटेत यवतेश्वरचं जुनं देऊळ आहे, ते येताना बघा, जाताना थांबू नका.

पठार सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. तिथे इतकी फुलं का, हे समजलं तर चालण्याला वेगळीच मजा येते. खाली सगळा काळा पाषाण, त्यावर जांभ्याचा कठीण थर आणि त्या थरावर वीतभरसुद्धा नसलेली माती. झाडाची मुळं रुजायला जागाच नाही. पावसाळ्यात पाणी मुरत नाही, साचून राहतं आणि उन्हाळ्यात तोच कातळ तापून भाजतो. अशा जागी मोठी झाडं टिकत नाहीत, आणि ज्या लहान वनस्पती टिकतात त्यांना उगवणं, फुलणं, बी धरणं हे सगळं पावसाच्या काही महिन्यांत उरकावं लागतं. आपण ज्याला बहर म्हणतो ती या वनस्पतींची घाई आहे. इथे फुलणाऱ्या वनस्पतींच्या सुमारे ८५० जाती नोंदल्या गेल्या आहेत, त्यातल्या काही पश्चिम घाटाबाहेर कुठेही नाहीत. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा यादीत घेतली, त्यात कास आहे.

वाटाड्या घ्या. प्रवेशाच्या ठिकाणी समितीची स्थानिक मंडळी असतात, थोडे पैसे जातात, पण ज्यांच्या वाडवडिलांनी या पठारावर गुरं चारली त्यांना कुठल्या खाचेत काय उगवतं हे ठाऊक असतं. त्यांच्याशिवाय वायतुरा तुम्हाला दिसणार नाही. उथळ डबक्यात उगवणारी ही पाणवनस्पती, तिचा तुरा पाण्यावर येऊन दोन फाट्यांत विभागतो, आणि साताऱ्याचंच नाव तिच्या शास्त्रीय नावात आहे: अ‍ॅपोनोजेटॉन सातारेन्सिस. निळ्या-गुलाबी गालिच्यांपुढे ती अगदी किरकोळ दिसते. पण मला विचाराल तर कासला जाऊन एकच वनस्पती बघायची झाली तर हीच बघावी.

दुसरी गोष्ट, खाली बसा. पायवाटेच्या कडेला एक हातभर जागा निवडा आणि तिथे दहा-पंधरा मिनिटं थांबा. सीतेची आसवं हे फूल दुरून नुसता निळा-जांभळा धूर वाटतं. जवळून बघितलं तर सुतासारख्या देठावर नखाएवढं फूल आणि पानं जवळजवळ दिसतच नाहीत. खरी गंमत जमिनीखाली आहे. ओल्या मातीत या रोपाच्या तंतूंना मिलिमीटरभराच्या पिशव्या असतात. पिशवीला दार आणि दारावर केस. पाण्यातला सूक्ष्म जीव केसाला लागला की दार आत उघडतं, पाण्याबरोबर तो जीव ओढला जातो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत दार बंद. या मातीत नत्र फार कमी, ते मिळवण्याची ही तऱ्हा. शेजारीच दवबिंदू नावाचं रोप असेल. त्याच्या पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात, ऊन पडलं की ते चमकतात, आणि त्यावर बसलेला चिलटाएवढा किडा पुन्हा उडत नाही. नीट बघितलं तर अर्धवट वळलेल्या पानात काळा ठिपका दिसतो, तोच तो किडा. दहापटीचं भिंग शंभर-दोनशे रुपयांत मिळतं, ते खिशात ठेवा. महागड्या कॅमेऱ्यापेक्षा इथे त्याचा उपयोग जास्त.

कवल्याच्या पिवळ्या फुलावर दोन लाल ठिपके असतात, मुलं त्याला मिकी माऊस म्हणतात आणि लगेच ओळखायला लागतात. तेरड्याची शेंग पिकली की नुसत्या धक्क्याने फुटून बिया उडतात. टोपली कारवी मात्र नशिबाचा भाग. टोपली पालथी घालावी तसं गोल झुडूप, सात वर्षांनी एकदा फुलणारं. ज्या वर्षी ती फुलते त्या वर्षी कासला जायचं कुठल्याही कारणाने चुकवू नये.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. फुलांमध्ये बसून किंवा आडवं पडून फोटो काढण्याची जी टूम निघाली आहे, तिने होणारं नुकसान त्या दिवशी दिसत नाही. तेरड्यासारखी कितीतरी रोपं एका पावसापुरती जगतात. बी धरण्याआधी ती चुरडली तर पुढच्या वर्षी त्या जागी उगवायला काही राहत नाही. पायाखाली दबून माती घट्ट झाली की ओल धरणाऱ्या बारीक खाचा बुजतात आणि आसवं, दवबिंदू तिथून नाहीसे होतात. तेव्हा आखलेल्या वाटेवरच चाला, कुणी हाका मारून आत बोलावलं तरी जाऊ नका, आणि एकही फूल तोडू नका. मुलांना हे गाडीतच समजावून सांगा, वर गेल्यावर ओरडत बसण्यापेक्षा ते बरं.

पठारावरून महाबळेश्वरकडे जाणारा जुना राजमार्ग जातो. त्या वाटेने दोनेक किलोमीटर चाललं की कुमुदिनी तळं लागतं, हंगामात पांढऱ्या झालरीच्या कुमुदिनीने भरलेलं. वाट सपाट आहे, साठी-सत्तरीतल्या माणसांनाही झेपते, फक्त कातळ शेवाळलेला असतो. बहुतेक लोक प्रवेशद्वाराजवळच रेंगाळतात, त्यामुळे इकडे शांतता असते. परत येईपर्यंत अकरा-साडेअकरा वाजतील आणि तोवर पठारावर गर्दी जमू लागलेली असेल. ती तुमची निघायची वेळ.

सामानाचं थोडक्यात. वाऱ्यात छत्री उलटते, रेनकोट किंवा पोंचो घ्या. चपला-सँडल नकोत, पकड असलेले बूट हवेत, आणि गाडीत कोरड्या मोज्यांचा जोड. चष्मा आणि लेन्स पुसायला सुती कापड. पाण्याची बाटली घरून भरून आणलेली. शहरात ऊन असलं तरी वर गारठा असतो, म्हणून एक स्वेटर राहू द्या.

धुक्याचं काय करायचं? अर्धा-पाऊण तास वाट बघायची, कारण कासचं धुकं वाऱ्याबरोबर येतं आणि बरेचदा तसंच निघूनही जातं. धुक्यात दूरचा गालिचा दिसत नाही, पण पायापाशी वाकलं की सगळं दिसतं, आणि पाकळ्यांवरचं पाणी तेव्हाच सुंदर असतं. अगदीच मुसळधार असेल तर हट्ट न करता खाली उतरा. पुढे कास तलाव आहे, सातारा शहराला पिण्याचं पाणी इथूनच जातं, त्यामुळे काठावर कचरा टाकणं म्हणजे आपण रात्री मुक्कामाला जाणार तिथल्या हंड्यात टाकणं. त्याहून पुढे डोंगर उतरला की बामणोली, कोयनेच्या शिवसागर जलाशयाचा काठ. वेळ असेल तर तिथे जेवून परतावं. वासोटा किल्ल्याचा विचार मात्र पावसाळ्यात करू नका, तो ट्रेक तेव्हा बंद असतो.

कासला प्रवेश मिळालाच नाही, असंही होतं. अशा वेळी चाळकेवाडीचं पठार आहे. साताऱ्याच्या बोगद्यातून बाहेर पडणारा रस्ता सज्जनगडाच्या पायथ्यावरून ठोसेघरला जातो आणि पुढे पवनचक्क्यांच्या चाळकेवाडीला. तोही जांभ्याचाच सडा, त्यावरही गेंद, आसवं, सोनकी. कासएवढी नावाजलेली जागा नाही, आणि राखणही तितकी नाही, म्हणून काळजी आपणच जास्त घ्यायची. ठोसेघरचा धबधबा सप्टेंबरमध्ये भरून कोसळत असतो, तो बघण्याच्या मनोऱ्यावरूनच बघा. सज्जनगडावर समर्थ रामदासांनी शेवटची वर्षं काढली, १६८२ मध्ये तिथेच त्यांचं निर्वाण झालं. दुपारी प्रसादाच्या वेळेला पोचलात तर जेवणाची सोय गडावरच होते. ही बाजू पाहायला पूर्ण दिवस लागतो, त्यामुळे तिसऱ्या दिवशी उशिरा निघणं शक्य असेल तरच ती धरा.

नसेल तर तिसऱ्या सकाळी पूर्वेला माहुलीला जा, शहरापासून पाचेक किलोमीटर. कृष्णा आणि वेण्णेचा संगम, दोन्ही काठांवर दगडी देवळं आणि घाट. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. देवळांपाशी घाटाच्या पायऱ्यांवर तासभर बसावं, पण पावसाळ्यात नदी फुगलेली असते, खालच्या पायऱ्यांवर मुलांना सोडू नका. मग गावात येऊन कंदी पेढे घ्या. साताऱ्याचा पेढा खरपूस भाजलेल्या खव्याचा, कमी गोड आणि प्रवासात टिकणारा. ताजा आहे का हे विचारून, एक चाखून मगच किलोभर बांधून घ्या.

पुण्याकडे परतणाऱ्यांना वाटेत लिंबची बारा मोटेची विहीर लागते. महामार्ग सोडून थोडं आत जावं लागतं. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ च्या दरम्यान, वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडून एक आयताकृती विहीर, आणि दोहोंच्या मध्ये चक्क राहता येईल असा छोटा महाल. रुंद पायऱ्या उतरून कमानीखालून आत गेलं की भिंतीवर कोरलेले वाघ आणि हत्ती दिसतात. वर चढून काठावर आलात की मोटा लावण्याच्या जागा मोजून बघा, एका वेळी बारा मोटा चालत आणि त्यावर आमराई पोसली जाई. कठडा सगळीकडे नाही आणि दगड निसरडे असतात, मुलांचा हात धरून ठेवा. तीनच्या आत इथून निघालात तर खंबाटकी गर्दीच्या आधी पार होते.